यापूर्वीचे सर्व ‘त्यात काय’ रद्द

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, धंदा नोकरी, पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागातली पत्रव्यवहार लिपिक, हे मृत्युपत्र स्वहस्ते, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझे मन ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तितक्या खात्रीने सांगता येत नाही, कारण येत्या बुधवारी पित्ताशय काढायचे आहे. डॉक्टर म्हणाले, “अगदी किरकोळ काम आहे.” हा शब्द मी स्वतःबद्दल इतक्यांदा वापरला आहे की दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला प्रथमच त्याची भीती वाटली. म्हणून हा कागद.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. जे होते ते बहुतांशी माझे मीच आणले होते. त्याची हकीकत पुढे येईल.

कलम १. रद्द करण्याबाबत

मृत्युपत्रात आधीची मृत्युपत्रे रद्द करायची असतात, असे वकीलकाकांनी सांगितले. मी आधी एकही केलेले नाही. मात्र पुढील विधाने मी वेळोवेळी, साक्षीदारांसमक्ष, केलेली आहेत: “त्यात काय एवढं”, “कुणीही केलं असतं”, “मी आपलं सहज”, “जमलं कसंबसं”, “तसं मला काही येत नाही” आणि “कसलं कौतुक, मीठ जरा जास्तच झालंय.” ही सर्व विधाने या दस्ताने रद्द समजावीत. ती खोटी होती. मीठही बरोबर होते.

कलम २. मालमत्ता कोणती, हे कसे ठरले

वकीलकाका हे आमच्या अण्णांचे जुने विद्यार्थी. त्यामुळे मी चोपन्न वर्षांची झाले आहे याची त्यांनी अद्याप दखल घेतलेली नाही. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

“वडिलोपार्जित काय?”

“अण्णांची पुस्तकं. आणि दात.”

“आणि स्वकष्टार्जित?”

“तसं काही नाही.”

काकांनी पेनाला टोपण लावले. “मग राहतं घर कुठून आलं? अण्णांनी तर जन्म भाड्याच्या खोलीत काढला.”

“ते आपलं... घेतलं गेलं.”

“कुणी घेतलं?”

“जमलं तसं.”

“बाई, घर आपण होऊन कुणाच्या नावावर चढून बसत नाही. जा घरी. स्वकष्टाने काय काय मिळवलंस त्याची यादी करून आण. लाजायचं असेल तर तिकडेच लाजून ये, माझ्या टेबलावर पसारा नको.”

चार दिवस मी यादी करत होते. पहिल्या दिवशी कागदावर फक्त तारीख होती. दोष थोडा अण्णांचा. अण्णा संस्कृतचे मास्तर. आमच्या घरात आत्मश्लाघा आणि वाहता नळ या दोहोंना सारखीच मनाई. दादा शाळेतून बक्षीस घेऊन आला की अण्णा विचारत, “पुढचं पाठांतर झालं का?” मी बक्षीस मिळवले तेव्हा ते दप्तरातून बाहेरच काढले नाही. अण्णांचे विचारण्याचे श्रम वाचले.

पण याच अण्णांनी मला संस्कृत व्याकरण शिकवले, आणि त्या व्याकरणात जो ‘मी’ म्हणतो त्याला उत्तम पुरुष म्हणतात. बाकीचे मध्यम आणि प्रथम. अण्णांनी हे माझ्याकडून घोकून घेतले. त्यावर विचार करायचे राहून गेले. तो मी चौथ्या दिवशी केला आणि यादी उत्तम पुरुषात लिहून काढली.

कलम ३. स्थावर

तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. हे मी घेतले. (लिहून पाहिले, छत जागच्या जागी आहे.) चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस जिना. पश्चिमेस मोकळी हवा. दक्षिणेस शिवणकाम करणाऱ्या बाईंची भिंत, जिच्यातून दुपारभर मशीन ऐकू येते आणि थांबले की काळजी वाटते. उत्तरेस एक कायम बंद दार, ज्याच्या मालकाला मी एकोणीस वर्षांत दोनदा पाहिले. दोन्ही वेळा त्याला पाना हवा होता.

पाना स्वयंपाकघरात डावीकडच्या खणात आहे. या घरातल्या नळांचे वायसर मी स्वतः बदलते. उत्तरेकडच्याचेही दोनदा मीच बदलले, कारण त्याने पाना उलटा धरला होता.

कलम ४. डोळ्यांना न दिसणारी मालमत्ता

“याला कायद्यात जागा नाही,” असे हे कलम वाचून काका म्हणाले. कागदावर होती, म्हणून घातले.

उरलेले अन्न पाहून ते कोणत्या डब्यात बसेल हे मला कळते. झाकण लावल्यावर बोटभर जागा उरत नाही आणि थेंबभर सांडत नाही. तीस वर्षांत एकदा चुकले, तेव्हा डब्यालाच पोचा आला होता.

जिन्यावरच्या पावलांवरून कोण येते आहे आणि ते चिडून येते आहे का, हे मला पहिल्या वळणाच्या आत समजते. बेल वाजेपर्यंत चहा ठेवायचा की नुसते पाणी पुढे करायचे, हे ठरलेले असते.

आणि मला पत्राला उत्तर देता येते. हे तिसरे मी सर्वांत शेवटी लिहिले, हात थांबत होता म्हणून. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारपत्रात खरी तक्रार पहिल्या ओळीत कधीच नसते. पहिल्या ओळीत राग असतो, मध्ये नियमांचे दाखले असतात, आणि खरी गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘असो’ या शब्दाला टेकून, गुपचूप बसलेली असते. एका बाईंनी पाण्याच्या वेळेबद्दल दोन पाने लिहिली होती. शेवटून दुसरी ओळ अशी: ‘मुलीला घरात एकटी ठेवून खाली बादल्या भरायला जावे लागते, असो.’ माझ्या आधीच्या कारकुनाने त्यांना वेळापत्रकाची प्रत पाठवली होती. मी पत्राची सुरुवात केली: ‘मुलीला एकटी ठेवावी लागते, हे वाचले.’ मग त्या गल्लीची वेळ बदलून मिळावी म्हणून तीन दिवस अभियंत्याच्या टेबलाशी उभी राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी सही केली, मी एकदाची हलावे म्हणून. बाईंचे आभाराचे पत्र आले. साहेबांच्या नावाने.

ते त्यांच्याच नावाने येणार. आमच्या कार्यालयात पत्र ज्याने लिहिले त्याचे नाव खाली येत नाही. मी सही करते ती अशी: ‘करिता, विभागप्रमुख’, आणि त्याखाली मुंगीएवढी दोन आद्याक्षरे. एकोणतीस वर्षांत विभागप्रमुख चार झाले. ‘करिता’ तेच राहिले.

कलम ५. काळा दगड

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक काळा, गुळगुळीत दगड ठेवलेला आहे. तो चोरीचा नाही. साहेब क्रमांक तीन यांनी किंवा त्यांच्या वारसांनी कधी हक्क सांगितल्यास पुढील हकीकत वाचून दाखवावी.

एक निवृत्त गवंडी आम्हाला तीन वर्षे दर महिन्याला पत्र पाठवत. नळाला धार नाही, ही तक्रार. मी दर महिन्याला उत्तर देत असे. मध्येच एका पत्रात शेवटून दुसरी ओळ आली: ‘आता घरात पाणी लागतेच किती, एकट्याला, असो.’ त्या पत्राच्या उत्तरात मी नळाचा विषय काढलाच नाही. महिन्याभराने गवंडी स्वतः आले. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवले. मी फाईल घेऊन दाराशी उभी.

गवंडी म्हणाले, “साहेब, बायको गेल्यावर तुम्ही जे लिहिलंत, ते मी घडी घालून खिशात ठेवतो. धारेचं राहू द्या आता.”

“अहो, कर्तव्यच आहे आमचं,” साहेब म्हणाले.

गवंड्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. “ह्या ताई कोण?”

साहेब तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणाले, “मी फक्त टाइप करते.”

साहेबांना खोटे बोलण्याचीही तसदी पडली नाही. त्यांच्यावर माझा राग आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला क्रमांक माझा आहे आणि तिथे मी दुसऱ्या कोणाला बसू देणार नाही.

हा दगड गवंड्यांनी स्वतः घासून आणला होता आणि ‘पत्र लिहिणाऱ्याला’ म्हणून दिला होता. साहेबांनी तो खणात टाचण्यांबरोबर टाकला आणि निवृत्त होताना तिथेच सोडला. त्यांच्या निरोप समारंभात ‘साहेबांच्या पत्रांतला जिव्हाळा’ या विषयावर भाषण झाले. भाषण चांगले होते. मीच लिहिले होते. टाळ्या संपल्यावर मी खण उघडला आणि दगड माझ्या टेबलावर आणला.

सबब मी येथे जाहीर करते की ते पत्र मी लिहिले. गवंडी आता हयात नाहीत. उशीर झाला आहे. तरी नोंद व्हावी. दगड माझ्या पुतणीस द्यावा.

कलम ६. भाऊ, वहिनी आणि शेजार

माझा भाऊ वाईट नाही. घर आपोआप चालते अशी त्याची फक्त समजूत आहे. अण्णा अंथरुणाला खिळून होते ती चार वर्षे माझ्याकडे होते. ते गेल्यावर भेटायला आलेली माणसे दादाला म्हणत, “फार केलंत हो तुम्ही,” आणि दादा म्हणे, “करावं लागतं.” मी आत कप विसळत होते आणि मीही काही बोलले नाही. दादाला अण्णांच्या औषधांची वही द्यावी. चार वर्षांची, तासातासाची, सगळी माझ्या अक्षरात. त्याने ती वाचावी. दुसरे काही करू नये.

वहिनींना माझे एकोणीस डबे. त्या दर वेळी विचारतात, “वन्सं, एकट्या जिवाला एवढे डबे कशाला?” झाकणे ज्याची त्याला लावून ठेवली आहेत. महिनाभर ती तशीच राहिली, तर वहिनींना मी जे मनातल्या मनात म्हणत आले ते परत घेईन. पत्ता बदललेला असेल, तरी कळवावे.

बँकेत जे असेल त्यातून आधी रुग्णालय, मग दक्षिणेच्या भिंतीपलीकडे नवे शिलाई मशीन. जुने वर्षभर खोकते आहे आणि बाई म्हणतात, “चालतंय की.” त्यांना कलम १ वाचून दाखवावे. उरेल ते पुतणीला. अण्णांची पुस्तके वकीलकाकांना. दादाने ती मागितली होती, पण त्याच्या खोलीतल्या कपाटाच्या मापाने.

कलम ७. पुतणी

माझी पुतणी, म्हणजे दादाची मुलगी, वय सव्वीस, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त काढते. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांसाठी मी तिथे बाही वर करून बसले होते. माझ्या आधी एक वयस्क गृहस्थ होते. हात वाळलेल्या काटकीसारखे. एका बाईने त्यांना तीनदा टोचले. शीर लागेना. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. मग कोणीतरी पुतणीला हाक मारली. तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मनगट जरा खाली वळवले, बोटाने चाचपत कोपराच्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली.

“झालं आजोबा.”

“कधी टोचलंस?”

“मघाशी.”

हेडसिस्टर मला म्हणाल्या, “हिच्या बोटांना डोळे आहेत.” आणि पुतणी कापूस दाबत म्हणाली, “त्यात काय, सुई तर टोचायची असते.”

माझा शब्द, माझा आवाज, बोलताना मान खाली घालायची तऱ्हाही माझी. नाक तेवढे वहिनींचे.

हेडसिस्टरांकडून बाकीचे कळले. नवीन येणाऱ्यांना शिकवण्यासाठी त्यांना पुतणी हवी होती. ती म्हणाली, मला कुठे येतं शिकवायला, दुसरं कुणीतरी बघा. दुसरे कुणीतरी म्हणजे ती तीनदा टोचणारी बाई. हेडसिस्टर मंगळवारपर्यंत थांबणार आहेत. त्यानंतर ती बाई शिकवील, आणि तिच्या हाताखालून दरवर्षी डझनभर तीनदा टोचणारे बाहेर पडतील.

मी घरी येताना पुतणीला विचारले, “नाही का म्हणालीस?”

“अगं आत्या, मला येतं ते सांगता नाही येत. आपोआप होतं.”

“आपोआप?”

“हं. हाताला कळतं.”

“हाताला कुणी शिकवलं?”

ती जिन्याच्या दोन पायऱ्या चढली. “तूच नाही का म्हणायचीस, आपण आपलं काम करावं, मिरवू नये?”

“म्हणायचे. चुकलं माझं.”

“तू चुकलं म्हणतेस?”

“ऐकून घे. पुन्हा म्हणणार नाही.”

काकांनी वडिलोपार्जित काय असे विचारले तेव्हा मी पुस्तके सांगितली. खरी वडिलोपार्जित चीज ही: अण्णांकडून माझ्याकडे आली, आणि मी ती न विचारता या मुलीच्या पदरात टाकली. बाकी सर्व मालमत्ता वारसांकडे जावी. ही माझ्यापाशी संपावी.

म्हणून कलम ३ मधील घर, पान्यासह, मी माझ्या पुतणीस देते, पुढील अटीवर: तिने एका कागदावर स्वहस्ते ‘मला येतं’ असे लिहून, खाली काय येते ते लिहावे. त्यात ‘थोडंफार’, ‘बऱ्यापैकी’, ‘बहुतेक’, ‘तसं’ किंवा ‘नशिबाने’ यांपैकी एकही शब्द आढळल्यास कागद बाद. मुदत सहा महिने. अट पुरी न झाल्यास घर दादाकडे जाईल. दादाने ते विकू नये अशी माझी इच्छा आहे आणि तो विकेल अशी माझी खात्री आहे.

“अशी अट घालणारी तू कोण?” काकांनी विचारले. “तू स्वतः पुरी केलीस का कधी?” कलम ४ हे त्याचे उत्तर. तिथे मी असला एकही शब्द ठेवलेला नाही. काकांनी भिंग घेऊन तपासले.

हे मृत्युपत्र पाकिटात घालून, न चिकटवता, आजच पुतणीच्या हाती द्यावे.

“मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, बाई.”

“मग फार उशिरा वाचतात, काका.”

कलम ८. मागे बोलायचे ते

मी गेल्यावर ‘फार साधी होती’ असे कोणी म्हणू नये. साधी नव्हते. ‘कधी कशाचं श्रेय घेतलं नाही’ हे तर मुळीच म्हणू नये. ते मी आत्ताच घेतले आहे. बोलायचेच असेल तर काय येत होते ते सांगावे आणि बसावे.

सहीबाबत

ही दुसरी प्रत आहे. पहिली आज सकाळी पूर्ण झाली. खालच्या चष्म्याच्या दुकानात आम्ही सगळे जमलो, साक्षीदार डोके पुढे काढून उभे राहिले, मी पेन टेकवले आणि एकोणतीस वर्षांच्या सवयीने सहीच्या आधी ‘करिता’ लिहून टाकले.

चष्मेवाल्यांना हसू आवरेना. काका म्हणाले, “कुणाकरिता मरतेस, तेही लिही म्हणजे झालं.” मीही हसले. मग तो शब्द पाहत राहिले आणि हसू गेले. काका समजुतीने म्हणाले, खोडून बाजूला आद्याक्षरे घातली तरी कायद्याला चालते. मला तो शब्द खोडलेलाही नको होता. मी प्रत फाडली, चष्मेवाल्यांकडून कागद घेतले आणि सगळी पाने पहिल्यापासून पुन्हा लिहिली. इतरांनी दोनदा चहा घेतला.

सही: (पूर्ण नावाने, दोन ओळींच्या उंचीची)

साक्षीदार

लिहून देणारीने आमच्या डोळ्यांसमोर सही केली. ती शुद्धीत होती, जरा जास्तच. तिच्या हट्टावरून आम्ही आपापल्या सहीखाली एकेक ओळ लिहीत आहोत.

१. (सही) चष्मेवाले, तळमजला. माझ्या हातची काडी कानामागे टोचत नाही.

२. (सही) इस्त्रीवाल्या बाई, समोरची टपरी. माझ्याकडून आजवर कुणाचा कपडा करपला नाही, एक सोडून.

खाडाखोड: साक्षीदार १ यांच्या ओळीत सुरुवातीचे ‘लोक म्हणतात की’ खोडले आहे. साक्षीदार २ यांचे ‘एक सोडून’ खरे असल्याने राहू दिले.

ठिकाण: चष्म्याचे दुकान, मागचे टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार, दुपार.

पोच (पुतणीच्या हस्ताक्षरात)

पाकीट मिळालं. इथेच प्रयोगशाळेत स्टुलावर बसून वाचलं. आत्या, पित्ताशय आहे ते, तू कुठेही जात नाहीयेस. घर मला आत्ता नको, तूच राहा त्यात. पण अट आत्ताच पुरी करते, नाहीतर तू बुधवारी टेबलावरून उठून विचारशील.

मला येतं:

शीर शोधता येते. दिसत नसली तरी, पहिल्या वेळी. ती कशी शोधायची ते मला दुसऱ्याला शिकवता येतं. हेडसिस्टरना उद्या सकाळी हेच सांगणार आहे, याच शब्दांत.

बुधवारी तुझ्या हाताला सुई मी लावणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.

खाडाखोड: ‘पहिल्या वेळी’च्या आधीचा ‘बहुतेक’ खोडला आहे. ‘शिकवता येईल’ होतं, त्यातलं ‘येईल’ खोडून ‘येतं’ केलं आहे.

(सही, पूर्ण नावाने)